नऊ नावं, एक खुर्ची आणि डेट्रॉइटचा रस्ता

तुम्ही कधी अमेरिकेतल्या डेट्रॉइटला गेलात, तर नदीकाठी उभं राहून एक गंमत करून बघा. पलीकडच्या काठावर कॅनडा दिसतो. आता मोबाईलमधलं होकायंत्र उघडा. कॅनडा चक्क दक्षिणेला! नकाशात कॅनडा अमेरिकेच्या वर असतो हे आपण शाळेपासून घोकलेलं. पण इथे नदीने असं वळण घेतलंय, की कॅनडाचं विंडसर शहर डेट्रॉइटच्या खाली येतं. मी तीन वेळा फोन गोल फिरवून पाहिला, तेव्हा कुठे विश्वास बसला.

पण आज तुम्हाला नदी दाखवायची नाहीये. दाखवायचे आहेत त्या शहरातल्या घरांसमोरच्या गवतात खोचलेले बोर्ड.

२०२२ च्या जुलैमध्ये बी.ए.चा निकाल लागला आणि मी मावशीकडे गेले. मावशी मिशिगनमध्ये रॉयल ओक नावाच्या उपनगरात राहते आणि रुग्णालयात नोकरी करते. आम्ही बडोद्याचे, पण आईचं आणि मावशीचं माहेर बेळगाव. निघायच्या आदल्या रात्री बेळगावहून आजीचा फोन आला. तब्येत सांभाळ, पासपोर्ट सांभाळ वगैरे झाल्यावर आजी म्हणाली, "आणि काय गे, आपला श्री तिकडं निवडणुकीला उभारलाय म्हणे. बघून ये की."

आपला श्री म्हणजे श्री ठाणेदार. तुमच्या घरी 'ही श्रीची इच्छा' हे पुस्तक असेल, तर वेगळं सांगायला नको. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, घरची गरिबी, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., १९७९ मध्ये अमेरिका, तिथे रसायनशास्त्रात पीएच.डी., मग उद्योग, भरभराट, २००८ च्या मंदीनंतर सगळं गेलं आणि पुन्हा शून्यातून उभं राहिलं. आजीकडचं पुस्तक खाकी कव्हर घातलेलं आहे आणि ते कोणालाही घरी न्यायला मिळत नाही. तिच्या लेखी ही निवडणूक म्हणजे आपल्या गल्लीतला मुलगा बोर्डात येणार की नाही, एवढाच प्रश्न.

मीही तेवढंच समजून गेले होते.

मावशीच्या घरी टीव्ही लावला, की दर दहा मिनिटांनी निवडणुकीची जाहिरात. मावशी म्हणाली, "प्रायमरी आहे ना दोन ऑगस्टला." मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेली मुलगी, पण प्रायमरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती पाटी-दप्तराची प्रायमरी शाळा. तुमचंही तसंच होत असेल, म्हणून आधी तेवढं सांगते.

आपल्याकडे पक्षाचं तिकीट कोण देतं? पक्ष देतो. दिल्लीत नाहीतर राज्याच्या राजधानीत बैठका होतात, यादी येते, कोणी पेढे वाटतो, कोणी रुसून दुसऱ्या पक्षात जातो. तिथे तिकीट मतदार देतात. नोव्हेंबरात खरी निवडणूक. त्याआधी त्याच पक्षातले इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि त्यातून एक निवडला जातो, ती ही प्रायमरी. मिशिगनमध्ये तर पक्षाचा सभासद असण्याचीही अट नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. मतदाराने एक रकाना निवडायचा आणि त्यातच खुणा करायच्या. दोन्हीकडे खुणा केल्या, तर पक्षांसाठीची मतं बाद.

उभं राहायलाही फार काही लागत नाही. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे त्यांच्या लोकसभेसाठी, उभं राहायचं तर मतदारसंघातल्या मतदारांच्या निदान एक हजार वैध सह्या गोळा करायच्या. हजार सह्या म्हणजे सोपं वाटतं ना? तिथे भलेभले यातच घसरतात. त्याच वर्षी गव्हर्नरपदासाठी उभे राहू पाहणारे रिपब्लिकन पक्षाचे पाच इच्छुक खोट्या सह्यांपायी मतपत्रिकेवर येऊच शकले नाहीत.

मावशीच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे दोनच उमेदवार होते आणि दोघेही विद्यमान खासदार. नव्या सीमारेषा आखताना दोघे एकाच मतदारसंघात येऊन धडकले होते. डेट्रॉइटमध्ये नेमकं उलट झालं होतं. तिथे खुर्ची मोकळी आणि तिच्यासाठी नऊ जण.

ते कसं झालं, ते बघा. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि लोकसंख्येप्रमाणे राज्यांना जागा वाटल्या जातात. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा कमी झाली, चौदाच्या तेरा. सगळे मतदारसंघ नव्याने आखले गेले. त्यात १३ व्या मतदारसंघाच्या खासदार रशीदा तलैब शेजारच्या १२ व्या मतदारसंघातून लढायला गेल्या आणि दुसऱ्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं. १३ वा मतदारसंघ मोकळा झाला. डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं पारडं इतकं जड आहे, की प्रायमरी जिंकली म्हणजे दिल्ली गाठलीच. म्हणजे वॉशिंग्टन, पण समजलं ना!

आता चला माझ्याबरोबर. मला तो मतदारसंघ दाखवला मावशीच्या रुग्णालयातल्या एका मैत्रिणीने. त्या डेट्रॉइटच्या पूर्व भागात राहतात, परिचारिका आहेत, पन्नाशीच्या. त्यांना मी नावानेच हाक मारायचे, तिकडे तशीच पद्धत. पण इथे लिहिताना ते जड जातं, म्हणून ताई म्हणते. एका रविवारी त्यांनी गाडी काढली.

रॉयल ओकमधून वुडवर्ड अव्हेन्यू नावाचा मोठा रस्ता सरळ नदीपर्यंत जातो. उपनगरात दोन्ही बाजूंना कॅफे, आइस्क्रीम, कुत्री फिरवणारी माणसं. मग एट माइल नावाचा रस्ता आडवा येतो. ती डेट्रॉइटची उत्तर सीमा. ती ओलांडली, की पाच मिनिटांत दृश्य बदलतं. एक घर छान रंगवलेलं, शेजारी एक फळ्या ठोकून बंद केलेलं, मग तीन प्लॉट नुसतं गवत. १९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० मध्ये उरली होती सहा लाख चाळीस हजारांच्या आतबाहेर. मोटारींचे कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, मागे राहिलं ते शहर २०१३ मध्ये दिवाळखोर झालं. बडोद्याची लोकसंख्या तिपटीने कमी झाली, तर मांडवीत उभं राहून कसं वाटेल, तसं मला वाटलं. ताईंना मात्र मी हे बोलून दाखवल्यावर आवडलं नाही. "लोक इथे पडकी घरं बघायला येतात," त्या म्हणाल्या. "तू माणसं बघ." मी फोन पर्समध्ये टाकला.

आणि मग मला ते बोर्ड दिसायला लागले. वीतभर उंचीच्या तारेवर चढवलेले, निळे, हिरवे, लाल. हॉलियर. रॉबर्सन. ठाणेदार. कॉन्यर्स. गे-डॅग्नोगो. एका घरासमोर एक, पुढच्या घरासमोर दुसरा. एका कोपऱ्यावर पाच बोर्ड ओळीने, भेळवाल्यांच्या गाड्या लागाव्यात तसे.

वुडवर्डवरच हायलँड पार्क लागतं. चारही बाजूंनी डेट्रॉइट आणि हॅमट्रॅम्क यांनी वेढलेलं, पण वेगळी नगरपालिका असलेलं छोटंसं गाव. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ मध्ये मोटारींची सरकती जुळणी सुरू झाली ती इथे. आज जगातली प्रत्येक गाडी ज्या पद्धतीने बनते, तिचं हे जन्मगाव. आणि याच गावाला २०११ मध्ये विजेचं बिल झेपेना, म्हणून वीज कंपनीने हजारांहून अधिक रस्त्यांवरचे दिवे खांबांसकट काढून नेले. बंद केले नाहीत, काढून नेले!

तिथून हॅमट्रॅम्क हाकेच्या अंतरावर. एके काळी हे पोलंडहून आलेल्यांचं गाव होतं. आता कॉनंट रस्त्यावर गेलात, तर बांगला अक्षरातल्या पाट्या, मिठाईची दुकानं, साड्या. शेजारी येमेनी चहा. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. आम्ही सिंगाडे खाल्ले, म्हणजे बंगाली समोसे, आणि ताईंना तिखट लागल्यावर मिष्टी दोई. इथे निवडणुकीची मतपत्रिका बांगला भाषेतही मिळते. २०२१ मध्ये इथल्या नगरपरिषदेचे सगळेच्या सगळे सदस्य मुस्लिम निवडून आले, अमेरिकेत असं पहिल्यांदाच घडलं.

आणि पूर्वेला जेफरसन अव्हेन्यूने जात राहिलात, तर ऑल्टर रोड लागतो. तो ओलांडला, की ग्रोस पॉइंट. इथे मी खरंच तोंड उघडं ठेवून बघत राहिले. एका चौकाच्या अलीकडे बंद पडलेली दुकानं आणि पलीकडे कापलेली हिरवळ, प्रचंड झाडं, सरोवराच्या काठाने बंगले. मध्ये भिंत नाही, नाका नाही. नुसता एक रस्ता.

हायलँड पार्क, हॅमट्रॅम्क, डेट्रॉइटचा मोठा भाग, ग्रोस पॉइंटची गावं आणि नदीच्या खालच्या अंगाची कामगारांची गावं, हे सगळं मिळून एक मतदारसंघ. यातल्या सगळ्यांचा मिळून एक माणूस. तो कोण, हे नऊ जणांतून ठरायचं होतं.

त्या संध्याकाळी ताईंच्या घरी जेवण होतं. डेट्रॉइटचा पिझ्झा चौकोनी असतो, तुम्हाला माहीत आहे? मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायला लोखंडी ट्रे असायचे, त्यात तो भाजायला सुरुवात झाली म्हणतात. कडा चीज जळून कुरकुरीत झालेल्या. माझ्यासाठी मुद्दाम भाज्या घातलेला मागवला होता. टेबलाभोवती ताई, त्यांचा धाकटा भाऊ, त्यांची एकोणऐंशी वर्षांची आई, मावशी आणि मी.

विषय निघालाच. ताई रॉबर्सन यांना मत देणार होत्या. पोर्शिया रॉबर्सन वकील, शहरातल्या एका मोठ्या सेवाभावी संस्थेच्या प्रमुख. मावळत्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांचा त्यांनाच पाठिंबा होता. "बाई पाठवायची," ताई म्हणाल्या, "आणि हिने काम करून दाखवलंय." भाऊ हॉलियर यांच्या बाजूचा. ॲडम हॉलियर तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते. शहरातल्या काही कृष्णवर्णीय नेत्यांनी मिळून एक समिती केली होती. नऊ जण उभे राहिले तर मतं फुटणार, तेव्हा एकाच नावामागे उभं राहू या, अशी तिची कल्पना. समितीने हॉलियर यांचं नाव पुढे केलं. पण बाकीच्यांनी माघार घ्यायची कशाला? कोणीच घेतली नाही. आणि आईचं मत कॉन्यर्सना.

"हा मुलगा तिला नीट माहीतही नाही," भाऊ हसत म्हणाला. "ती नावाला मत देते."

आई शांतपणे पिझ्झ्याची कड बाजूला काढत होत्या. म्हणाल्या, "माझं पहिलं मत त्याच्या वडिलांना होतं."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी घास घ्यायची थांबले. १९६४ साल. त्या एकवीस वर्षांच्या, तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. त्या वेळी शहराच्या पश्चिम भागात राहत. तिथेही नव्या सीमारेषा आखून एक मतदारसंघ मोकळा झाला होता. तिथेही प्रायमरीत गर्दी होती. जॉन कॉन्यर्स नावाचा पस्तिशीचा वकील उभा होता, फारसं कोणी न ओळखणारा. ॲलाबामामध्ये बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स तोवर डेट्रॉइटला राहायला आल्या होत्या. त्यांनी त्याच्यासाठी प्रचार केला, मार्टिन ल्यूथर किंगनाही गळ घातली. कॉन्यर्स जिंकले, तेही शंभराहून थोड्याच अधिक मतांनी. "त्यातलं एक माझं," आई म्हणाल्या. त्यानंतर ते २०१७ पर्यंत खासदार होते. बावन्न वर्षं! रोझा पार्क्स यांनी पुढे १९८८ पर्यंत त्यांच्याच डेट्रॉइटच्या कार्यालयात नोकरी केली. किंग यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी मिळवण्यासाठी किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी संसदेत विधेयक मांडलं, ते याच कॉन्यर्स यांनी. ते मंजूर व्हायला १९८३ उजाडलं.

शेवट मात्र चांगला झाला नाही. महिला कर्मचाऱ्यांशी गैरवर्तनाचे आरोप झाले आणि कॉन्यर्सना २०१७ च्या डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला. आईंनी हेही सांगितलं, लपवलं नाही.

आता भावाची पाळी. त्याला आकडे तोंडपाठ. "गर्दी काय करते, ते सांगतो," तो म्हणाला. कॉन्यर्स गेल्यावर २०१८ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन प्रायमरी झाल्या. एक कॉन्यर्स यांच्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. मतदार तेच, मतपत्रिका तीच, केंद्र तेच. पहिलीत चार उमेदवार होते. जिंकल्या ब्रेंडा जोन्स. दुसरीत सहा उमेदवार. त्यात रशीदा तलैब जिंकल्या, सुमारे नऊशे मतांनी आणि एकतीस टक्के मतं मिळवून. म्हणजे दोन नावं वाढली आणि निकाल फिरला. ब्रेंडा जोन्स खासदार झाल्या, पण जेमतेम पाच आठवड्यांसाठी.

मी म्हटलं, मग निम्म्याहून जास्त मतं मिळालीच पाहिजेत असा नियम का नाही? जॉर्जिया, टेक्सास अशा राज्यांत आहे, तो म्हणाला. तिथे कोणालाच निम्मी मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. मेन राज्यात पसंतीक्रम लिहितात, आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत लिहितात तसा. मिशिगनमध्ये जो पुढे तो जिंकला. आपल्या लोकसभेसारखंच.

मग ताई माझ्याकडे वळल्या. "आणि तू? तुझं मत असतं तर?"

मावशीने टेबलाखालून माझा पाय दाबला. पण मी खरं ते सांगितलं, की आमच्या आजीच्या गावचा माणूस उभा आहे, आजी रोज फोन करून विचारते, ठाणेदारांचं काय झालं. एक क्षण कोणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "ते? ते सगळ्यांत जास्त पैसे लावतायत." ते खरंच होतं. ठाणेदार यांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर या प्रचारात घातले होते. अर्थात दुसरीकडेही पैसा काही कमी नव्हता. हॉलियर यांच्या बाजूने बाहेरच्या एका निधी-समितीने चाळीस लाखांहून अधिक डॉलर ओतले होते. ताई म्हणाल्या, शेजारचे काका ठाणेदारांनाच मत देणार आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे, हा माणूस गरिबी पाहून आलाय, २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी हरला तरी इथेच राहायला आला, राज्याच्या विधानसभेत गेला. "त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट तुझ्या आजीला सांग."

ती गोष्ट अशी. या शहरात दर चार माणसांत तीनहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. १९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज निवडून आले आणि १९५५ च्या जानेवारीत संसदेत गेले. मिशिगनमधून गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खासदार. एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला मिसिसिपीत ठार मारलं, तेव्हा तो खटला बघायला डिग्ज तिथे जाऊन बसले होते. तेव्हापासून डेट्रॉइटला निदान एक तरी कृष्णवर्णीय खासदार कायम होता. नऊ उमेदवारांपैकी आठ कृष्णवर्णीय होते. नववे ठाणेदार. "मला त्या माणसाबद्दल राग नाही," ताई म्हणाल्या. "पण आमच्या एका घरात तीन मतं आणि तिन्ही तीन दिशांना. तूच हिशोब कर."

मी परत येताना गाडीत गप्प होते. मावशी म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस. तसं नव्हतं. मी आजीला फोनवर काय सांगायचं, याचा विचार करत होते.

२ ऑगस्टला मी ताईंबरोबर मतदान केंद्रावर गेले. आत जायचं काही कारण नव्हतं, बाहेर थांबले. एक शाळा, सकाळी सात ते रात्री आठ मतदान. दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार करायला मनाई, म्हणून कार्यकर्ते बरोबर त्या रेषेच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलेले. वेगवेगळ्या उमेदवारांचे, पण एकाच छत्रीखाली सावलीला. एकाने आणलेल्या गार पाण्याच्या बाटल्या सगळे पीत होते. आपल्याकडे बूथच्या बाहेर टेबलं असतात, तशीच गंमत, फक्त भोंगे नव्हते. ताई बाहेर आल्या, छातीवर 'मी मतदान केलं'चा स्टिकर लावून. त्यांच्या आई चाकाच्या खुर्चीतून आल्या. त्यांनी तो स्टिकर माझ्या कुर्त्याला चिकटवला. मी काढणार होते, मला तो लावायचा हक्क नव्हता ना! पण त्या म्हणाल्या, राहू दे, हनी.

रात्री मावशीकडे उशिरापर्यंत आकडे येत राहिले. मी सोफ्यावरच झोपले. सकाळी उठून पाहिलं, ठाणेदार जिंकले होते. अठ्ठावीस टक्के मतं. हॉलियर तेवीसच्या वर, रॉबर्सन सतराच्या आसपास आणि मग कॉन्यर्स तिसरे, शेरी गे-डॅग्नोगो, शॅरन मॅकफेल, मायकल ग्रिफी, सॅम रिडल, लॉरी रटलेज. शंभरातल्या बहात्तर जणांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं. पण त्या बहात्तरांचं दुसरं कोणी एक नव्हतं.

मावशीच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांच्या चित्रांचा पूर. बेळगावात तेव्हा संध्याकाळ. आजीचा फोन आला, आवाज चढलेला. "आला की गे आपला श्री!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चिकोडीत जन्मलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस अमेरिकेच्या संसदेत जाणार, याचा आनंद कोणाला होणार नाही? मग मी आजीला ताईंची गोष्ट सांगितली. डिग्ज, कॉन्यर्स, तीन दिशांची तीन मतं, सगळं. आजी बराच वेळ ऐकत राहिली. तिला वाईट वाटेल किंवा ती चिडेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्या बाईचा पहिला उमेदवारही असाच गर्दीतनं आला होता की." मग थोडं थांबून म्हणाली, "पण श्रीनं आता त्यांच्या दारी जायला पाहिजे. आपल्या नव्हे."

पुढचं तुम्हाला माहीत असेल. नोव्हेंबरात ठाणेदार सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकले. २०२३ च्या जानेवारीत ते संसदेत गेले आणि जवळपास अडुसष्ट वर्षांनी पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. २०२४ च्या प्रायमरीत हॉलियर यांना पुन्हा लढायचं होतं, पण पुरेशा वैध सह्याच भरल्या नाहीत, नाव मतपत्रिकेवर आलं नाही. म्हटलं होतं ना, हजार सह्या सोप्या नसतात. त्या वेळी गर्दीही नव्हती आणि ठाणेदारांना निम्म्याहून अधिक मतं पडली.

तुम्ही गेलात तर काय काय बघाल? डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये रंगवलेल्या भिंती बघाच. मोटार कारखान्यातले कामगार, भट्ट्या, यंत्रं, सत्तावीस चित्रांत. बेल आइल नावाच्या बेटावर संध्याकाळी जा. तिथे सगळं डेट्रॉइट कुटुंबासह उतरतं, शेगड्या पेटतात, गाणी लागतात, सूर्यास्त शहराच्या मागे होतो. आणि एक दिवस डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयासाठी राखून ठेवा. तिथे रोझा पार्क्स ज्या बसमध्ये बसल्या होत्या, ती बस आहे. आत चढून बसता येतं. मी गेले तेव्हा पुढच्या सीटवर एक लहान मुलगा पाय हलवत बसला होता आणि त्याची आई त्याला उठवत नव्हती.

परतायच्या आदल्या दिवशी मी ताईंकडे निरोप घ्यायला गेले. त्या मागच्या अंगणात होत्या. पुढच्या हिरवळीवरचे बोर्ड काढून झाले होते. त्यांचा रॉबर्सनचा, भावाचा हॉलियरचा आणि आईंसाठी लावलेला कॉन्यर्सचा. पुठ्ठे एका बाजूला रद्दीत. तारेच्या चौकटी मात्र त्यांनी टोमॅटोच्या रोपांना आधाराला खोचल्या होत्या. "दर दोन वर्षांनी नव्या मिळतात," त्या म्हणाल्या आणि एक पिकलेला टोमॅटो तोडून माझ्या हातावर ठेवला.